हार्ड कोर्टचे टेनिस शूज आणि रुंद चवडा : उत्तरायण ते नवरात्र

उत्तरायणाच्या, म्हणजे मकर संक्रांतीच्या, सुमारास घेतलेला टेनिस शूजचा जोड नवरात्र उलटल्यावरही माझ्या वापरात आहे, त्यामुळे त्याविषयी आता थोडे ठामपणे लिहिता येईल. बूट एका आंतरराष्ट्रीय कंपनीचा असून हार्ड कोर्टसाठी, म्हणजे कडक पृष्ठभागाच्या कोर्टसाठी, बनवलेल्या ‘टिकाऊ’ वर्गातला आहे आणि त्याची किंमत नऊ हजारांच्या आसपास होती. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला झालेला त्रास या वर्गातल्या कित्येक बुटांत होऊ शकतो. खेळणाऱ्याविषयी एवढे सांगितले तर वाचणाऱ्याला आपल्याशी ताडून पाहता येईल : वय पन्नाशीच्या पुढचे, वजन असायला हवे त्याहून थोडे जास्त, पाऊल लांबीला मध्यम पण चवड्याला रुंद, आणि बडोद्यात रोज सकाळी अॅक्रिलिकच्या कोर्टवर दुहेरीचा खेळ.

पूर्वी मी धावण्याच्या बुटांवरच खेळत असे आणि ते पायाला मऊ लागत. धावताना पाय सरळ पुढे जातो. टेनिसमध्ये तो सारखा आडवा सरकतो, थबकतो आणि उलटा फिरतो. धावण्याच्या बुटाचा उंच, मऊ फोम अशा वेळी एका बाजूला दबतो आणि घोटा मुरगळण्याची भीती राहते. म्हणून टेनिसच्या बुटाची बैठक ठेंगणी असते, बाहेरची कड कडक असते, मधल्या भागात पीळ रोखणारी प्लास्टिकची पट्टी असते आणि बोटांपुढे जाड रबर चढवलेले असते. या बुटात हे सारे उत्तम आहे. बॅकहँडच्या कोपऱ्यात धावत जाऊन थांबताना पाय आत डळमळत नाही आणि पहिल्या दिवसापासून तो विश्वास वाटला. अडचण अशी की पाय जागच्या जागी धरून ठेवणारी हीच कडक कड रुंद चवड्याला दोन्ही बाजूंनी दाबते.

पहिल्या आठवड्यातच करंगळीच्या बाहेरच्या कडेला आग होऊ लागली. त्यानंतर तासभर खेळ झाला की तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये मुंग्या येत व अधूनमधून विजेचा झटका बसावा तशी कळ जाई. बूट काढून बोटे मोकळी केली की दोन-चार मिनिटांत ती थांबे. दुकानदाराने आधीच सांगितले होते की नवा जोडा थोडा चावणारच, आठ-पंधरा दिवसांत रुळेल. आपल्या घरांत हे वाक्य लहानपणापासून ऐकलेले असते आणि कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत ते खरेही आहे, कारण चामडे घामाने व उष्णतेने सैल पडून पायाचा आकार घेते. आजच्या टेनिस बुटाचा वरचा भाग मात्र कृत्रिम जाळीचा असतो, त्यावर प्लास्टिकचा पातळ थर वितळवून चिकटवलेला असतो, आणि ताणला तरी तो मूळ आकाराला परत यावा हाच त्याच्या रचनेचा हेतू असतो. थोड्याशा वापराने टाचेभोवतीची गादी आणि आतला सोल बसतो, तळ वाकायला सोपा होतो. रुंदी जवळजवळ तेवढीच राहते. त्यामुळे दुकानात चवड्याला दाटणारा टेनिस शूज महिन्याभराने सैल होईल या भरवशावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

रावपुऱ्यातल्या एका जुन्या मोचीकाकांकडे बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून पाहिला. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना स्वतःच सांगितले की हा फार तर उद्यापर्यंत मोठा राहील. तसेच झाले. त्यांचा प्रामाणिकपणा मला कित्येक दुकानांतल्या सल्ल्यापेक्षा मोलाचा वाटला.

नंबराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. यूके पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर सुमारे पावणेसात मिलिमीटरचा असतो. म्हणून एका कंपनीचा यूके 9 युरोपीय 43 असतो, तर दुसऱ्या कंपनीचा 44. बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीत सेंटिमीटरमधला आकडाही बहुधा असतो आणि दोन कंपन्यांची तुलना करायला तोच त्यातल्या त्यात बरा. पण हे सारे आकडे प्रामुख्याने लांबीचे आहेत. रुंदी वेगळ्या अक्षरांनी सांगतात : पुरुषांच्या बुटांत डी म्हणजे नेहमीची, 2ई म्हणजे रुंद, 4ई म्हणजे अधिक रुंद. बडोद्यात मी पाहिलेल्या दुकानांत टेनिस शूज केवळ डी रुंदीत होते आणि काही ठिकाणी रुंदीचा प्रश्न विचारल्यावर विक्रेत्याने अर्धा नंबर मोठा काढून पुढे ठेवला.

अर्धा नंबर मोठा घेतल्यावर काय होते, ते माझ्या दुहेरीच्या जोडीदाराने अनुभवले. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझ्यासारख्याच पायाचे. त्यांनी हाच बूट मोठा घेतला. करंगळीला थोडी जागा मिळाली खरी, पण बूट जिथे वाकायला हवा तिथे त्यांचा चवडा येईना, थांबताना पाय पुढे घसरू लागला आणि अंगठ्याचे नख आपटून आपटून काळे पडले. टेनिस खेळणाऱ्यांत हे इतके नेहमीचे आहे की त्याला ‘टेनिस टो’ असेच नाव आहे.

भारतीय पावलांविषयी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातील लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मापे घेतली. भारतीय पावले सर्वसाधारणपणे अधिक रुंद असतात असे त्यातून दिसले आणि त्याच्या आधारे ‘भा’ नावाची देशी मापनपद्धती सुचवण्यात आली. आपण मात्र अजून इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या नंबरांतच बूट मागतो. परदेशी साच्यावर घडवलेला बूट आपल्यापैकी अनेकांना चवड्यात का दाटतो, याचे हे बरेचसे उत्तर आहे.

स्वतःच्या पायाची परीक्षा अगदी सोपी आहे. बुटातला आतला सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवावा, खेळताना वापरतो तेच जाड मोजे घालून त्यावर सगळे वजन टाकून उभे राहावे. पाऊल कुठे सोलच्या कडेबाहेर जाते ते डोळ्यांना दिसते. ही परीक्षा संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. माझी करंगळी आणि तिच्यामागचा चवड्याचा भाग दोन्ही पायांत कडेबाहेर होता. उजव्यात थोडा जास्त. एवढे पाहिल्यावर मुंग्यांचे कारण शोधायला दुसरीकडे जावे लागले नाही, कारण बोटांमधली नस अशा दाबाने चेंगरते.

बूट कोर्टवर वापरलेला असल्याने परत जाणार नव्हता, म्हणून आहे त्यात जागा करणे भाग होते. खालून पहिल्या भोकांची जोडी सोडून लेस ओवली, त्यामुळे चवड्यावरचा ताण लगेच कमी झाला. टाच वर उचलली जाऊ नये म्हणून सर्वांत वरच्या जादा भोकांतून फास करून लेस आवळली. कंपनीच्या जाड सोलऐवजी पातळ आणि सपाट सोल घातला, त्यामुळे पाय दोन-तीन मिलिमीटर खाली बसला आणि वरून दाब कमी झाला. या तीन उपायांपैकी लेसचा उपाय फुकटचा असूनही सर्वांत गुणकारी ठरला. पुढच्या भागातला त्रास होळीपर्यंत पुष्कळ उतरला, पूर्ण गेला असे मात्र म्हणणार नाही.

टाचेचे दुखणे हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा सगळा दोष बुटाला देणे योग्य नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना उजव्या टाचेत आतल्या बाजूला खिळा रुतल्यासारखे होई आणि थोडे चालले की कमी होई. अस्थिरोगतज्ज्ञांनी याला प्लांटर फॅसायटिस म्हटले. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड पट्टा वारंवारच्या ताणाने दुखावतो, असे त्याचे स्वरूप. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला लहानसा काटा दिसला, पण असा काटा काहीच न दुखणाऱ्या माणसांतही सापडतो, तेव्हा त्याची धास्ती घेऊ नये, असे त्यांनी बजावले. मऊ बुटावरून एकदम कडक बुटावर येणे, पोटऱ्या आखडलेल्या असणे आणि थंडीत अंग न तापवता खेळ सुरू करणे, ही सगळी कारणे एकत्र आली होती. उपाय कंटाळवाणे पण खरे : भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, उठण्याआधी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून तळवा ताणणे, गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवणे, आणि घरातल्या फरशीवर अनवाणी न वावरणे. ही शेवटची गोष्ट आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, जिथे देवघर आणि स्वयंपाकघर शेजारी शेजारी आहे, आईच्या गळी उतरवणे खेळापेक्षा अवघड गेले. औषधाच्या दुकानातून सिलिकॉनच्या टाचेच्या वाट्याही आणल्या होत्या. घरातल्या सपातांत त्या बऱ्या वाटल्या, टेनिस शूजमध्ये मात्र त्यांनी टाच उंच होऊन कडेबाहेर निसटू लागली, म्हणून काढून टाकल्या. दुखणे ओसरायला पावसाळा उजाडला. यात महिने जातात हे धरूनच चालावे.

मे महिन्यात बडोद्याचे तापमान बेचाळीस अंशांच्या वर जाते आणि कोर्ट त्याहून कितीतरी जास्त तापते. उन्हात फोम मऊ पडतो. थंडीत दगडासारखा वाटलेला हाच बूट उन्हाळ्यात सुसह्य वाटला. गाडीच्या डिकीत मात्र तो ठेवू नये, कारण त्या उष्णतेने तळाचा गोंद सुटतो. पावसाळ्यात भिजलेला जोड उन्हात न टाकता आतला सोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवला, आणि वास किंवा बुरशी झाली नाही.

तळाच्या टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. काही कंपन्या निवडक टेनिस बुटांच्या बाहेरच्या तळावर सहा महिन्यांची हमी देतात. या बुटाची नक्षी तेवढ्या काळात उजव्या अंगठ्याखाली, सर्व्हिसच्या वेळी पाय घासतो तिथे, अर्धी झिजली आणि इतरत्र ठीक आहे. फोमच्या बाजूला मात्र आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या आहेत आणि उसळी कमी झाली आहे. तळ शाबूत दिसतो म्हणून असा बूट वर्षानुवर्षे ओढत राहणे टाचेला परवडणारे नाही.

नवरात्रात खरी कसोटी लागली, कारण आपल्याकडचा मैदानी गरबा मातीवर अनवाणी खेळतात. फिजिओथेरपिस्टनी एक दिवसाआड आणि तासाभराच्या आत अशी परवानगी दिली होती. चवड्याला अनवाणी अजिबात त्रास झाला नाही. टाच दुसऱ्या दिवशी थोडी बोलली.

अरुंद ते मध्यम पाऊल असलेल्या, आक्रमक खेळणाऱ्या माणसाला हा बूट मी निःशंकपणे सुचवीन. रुंद चवड्याच्या माणसाने हाच बूट 2ई रुंदीत मिळत असेल तरच घ्यावा. मीही पुढचा जोड तसाच मागवणार आहे. मागवण्यापूर्वी परतीची मुदत आणि अटी लेखी पाहून ठेवाव्यात, आणि बूट आल्यावर तो आधी संध्याकाळी घरातल्या स्वच्छ फरशीवर, खेळाचे मोजे घालून, आडव्या उड्या मारत अर्धा तास वापरावा, कारण तळाला कोर्टची धूळ लागलेला बूट सहसा कोणी परत घेत नाही.