मराठी बायबलच्या प्रतींची पारख : तारण नोंदवहीत की वागण्यात?

कोकणात हा प्रश्न फार साध्या शब्दांत विचारला जातो. जन्मभर कुणाचं वाईट न केलेला माणूस बाप्तिस्म्यावाचून गेला, तर त्याचं काय? आणि दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा, पण रात्रीत शेजाऱ्याचा गडगा हातभर सरकवणारा, त्याचं काय? म्हणजे तारण, देवाघरची सुटका, चर्चच्या नोंदवहीत नाव असण्याने मिळतं की वागण्याने? उत्तर बायबलमध्ये असेल म्हणून लोक प्रत घ्यायला जातात आणि तिथेच फसतात. ‘मराठी बायबल’ मागितलं की तीन निरनिराळ्या वस्तू हातात पडू शकतात, आणि या प्रश्नापुरतं तरी कोणती पडली यावर उत्तराचा कल ठरतो. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) जत्रेतल्या टेबलांवर, चर्चजवळच्या दुकानांत आणि फोनवर जे मिळतं, त्याची पारख इथे या एकाच प्रश्नावर लावली आहे.

पहिली वस्तू म्हणजे बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं ‘पवित्र शास्त्र’. ही प्रॉटेस्टंट वापरातली प्रत; यात ६६ पुस्तकं आहेत, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. दुसरी कॅथलिक प्रत, ७३ पुस्तकांची; तिच्या जुन्या करारात ४६. तिसरं फोनवरचं अ‍ॅप. टेबलामागचा माणूस हा फरक आपण होऊन सांगेलच असं नाही, आणि वेष्टनावर तो ठळक छापलेलाही नसतो. म्हणून आधी अनुक्रमणिका उघडा. तोबित, मक्काबी, बेन सिरा ही नावं दिसली तर प्रत ७३ची.

सात पुस्तकांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण सत्कर्माच्या बाजूची सर्वांत रोखठोक वाक्यं त्यांतच आहेत. दानधर्म मरणातून सोडवतो आणि प्रत्येक पाप धुऊन काढतो, असं तोबित १२:९ (अध्याय १२, ओवी ९) म्हणतं. पाणी जसं पेटती आग विझवतं तसं दान पापाचं क्षालन करतं, हे बेन सिरा ३:३०. मृतांसाठी प्रार्थना आणि अर्पण करण्याचा आधार २ मक्काबी १२ मध्ये आहे. प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरने १५३४च्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तकं वेगळी काढून दोन करारांच्या मध्ये ठेवली. कॅथलिक वापरात ती त्याआधीपासून होतीच. ८ एप्रिल १५४६ला ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक धर्मसभेने, ती पक्की केली एवढंच. तेव्हा ६६ची प्रत घेऊन ‘बायबलात दानाने पाप धुतं असं कुठे आहे?’ म्हणून कॅथलिक शेजाऱ्याशी वाद घालू नये. त्याच्या प्रतीत ते आहे.

आता शब्द. खरी मेख तिथे आहे.

पौल आणि याकोब या दोघांची पत्रं नव्या करारात आहेत. पौल रोमकरांस ३:२८ मध्ये म्हणतो की माणूस नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ मध्ये म्हणतो की माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो. जुन्या वळणाच्या मराठीत एकीकडे ‘कर्मे’ आणि दुसरीकडे ‘क्रिया’ आहे. वाचणाऱ्याला वाटतं, दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असावेत. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, ‘एर्गा’. म्हणजे भाषांतराने धक्का मऊ केला आहे. ज्याला हा वाद मुळातून समजून घ्यायचा आहे त्याने दोन्ही शब्दांखाली एकाच रंगाची रेघ ओढावी. लूथरला हा धक्का पूर्ण बसला होता. १५२२च्या जर्मन नव्या करारात त्याने रोमकरांस ३:२८ मध्ये मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. ‘केवळ विश्वास’ हे शब्द नव्या करारात एकत्र येतात ते एकदाच, याकोबात, आणि तेही नकारासह.

‘कर्म’ या शब्दाचं आणखी एक ओझं आहे. मराठी कानाला त्यात संचित, प्रारब्ध, भोग सगळं ऐकू येतं. पौलाच्या वाक्यात त्यातलं काहीच नाही. तिथे मुख्यतः सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सणवार अशा यहुदी नियमशास्त्राच्या खुणा आहेत की सर्वच सत्कर्मं, हा अभ्यासकांमधला आजचाही वाद आहे. ‘नीतिमान ठरणे’ हा मराठी प्रयोग मात्र नेमका जमलाय. ‘ठरणे’ यात न्यायालयाचा वास आहे: निकाल लागतो, माणूस तसा ठरतो. प्रॉटेस्टंट अर्थ याच क्रियापदावर उभा आहे. कॅथलिक शिकवण म्हणते, नुसता ठरत नाही, आतून तसा घडतोही.

आणि ‘तारण’. सोनेतारण कर्जाच्या पाट्या लागलेल्या बाजारात हा शब्द जरा अवघडल्यासारखाच उभा असतो. शब्दाचा गाभा मात्र किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन कळेल: बुडत्याला वर काढणं. पण इथेही एक सांधा लपलेला आहे. मार्क ५:३४ मध्ये आजारी बाईला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे; लूक ७:५० मध्ये पापी म्हणून हिणवलेल्या बाईला म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे. ग्रीक वाक्य दोन्हीकडे अक्षरशः तेच. मराठीत एक दवाखान्याचं झालं आणि एक स्वर्गाचं. गोव्याकडच्या कोंकणीत ‘सोडवण’ म्हणतात, आणि त्या शब्दात दोन्ही अर्थ राहतात. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे कोंकणीतून प्रार्थना करणाऱ्यांनी मराठी प्रतीशेजारी कोंकणी प्रत उघडून हे वाक्य जरूर ताडून पाहावं.

पैसे देण्याआधी टेबलावरच करायची एक चाचणी: मार्क १६:९. ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल’ हे वाक्य पुढे १६व्या ओवीत आहे, आणि ‘बाप्तिस्म्याशिवाय काही नाही’ म्हणणारे बहुधा यावरच बोट ठेवतात. पण मार्कच्या शेवटच्या या १२ ओव्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत महत्त्वाच्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत. चांगल्या प्रतीत तिथे कंस किंवा तळटीप असते. काहीच नसेल तर त्या प्रतीत बाकीच्या ठिकाणीही अशी माहिती मिळणार नाही, हे गृहीत धरा. बाप्तिस्म्याच्या बाजूने योहान ३:५ उरतंच, ते कुठे जात नाही.

दुसरी चाचणी संदर्भवचनांची. याकोब २:२३ समोर उत्पत्ति १५:६ आणि रोमकरांस ४:३ असे दोन्ही संदर्भ छापलेले हवेत. कारण पौल आणि याकोब दोघंही यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याविषयीचं तेच एक वाक्य पुढे करतात आणि उलट बाजूंना जातात. आता बोटं तीन ठिकाणी घालून ठेवा: उत्पत्ति १५, १७ आणि २२. पंधराव्यात अब्राहाम विश्वास ठेवतो आणि ते त्याच्या नावावर नीतिमत्त्व म्हणून जमा होतं. सतराव्यात, वयाच्या ९९व्या वर्षी, त्याची सुंता होते. बाविसाव्यात तो मुलाला वेदीवर ठेवायला निघतो. पौल पंधरा आणि सतरामधल्या अंतराकडे बोट दाखवतो (रोमकरांस ४:१०): देवाने त्याला स्वीकारलं तेव्हा त्याच्या अंगावर धर्माची खूण नव्हती. याकोब बाविसाव्याकडे: विश्वास होता हे कळलं कशावरून, तर त्याने केलं त्यावरून. प्रश्नाचे दोन्ही भाग, नोंदवही आणि वागणूक, या तीन अध्यायांत बसतात. संदर्भ नसलेल्या स्वस्त प्रतीत हे हुडकायला संध्याकाळ जाते.

याकोबाच्याच २:१९ मध्ये भुतंही विश्वास धरतात आणि थरथर कापतात. भुतांची वाण नसलेल्या आपल्या मुलखात या ओवीला वेगळं निरूपण नको.

टिपांचं काय? बायबल सोसायट्यांचा १८०४पासूनचा दंडक असा की पवित्र मजकूर टीका-टिप्पणीशिवाय छापायचा. त्यामुळे ६६च्या प्रतीत अर्थ सांगणारी टीप सहसा शोधू नका. तो दोष नसून धोरण आहे. कॅथलिक प्रतीत टिपा असतात, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानामागे बिशपांची छपाईची परवानगी असते. ती नसेल तर टिपा कुणाच्या, हे विचारा. एकट्याने वाचणाऱ्याला टिपांची प्रत बरी, कारण या प्रश्नावर सर्वांत जास्त घोटाळा ओवी अर्ध्यात सोडल्याने होतो. इफिसकरांस २:८-९ पाठ असतं: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, कुणी बढाई मारू नये म्हणून. पण दहावी ओवी म्हणते की आपण सत्कर्मांसाठीच निर्माण केलेले आहोत. प्रेषितांची कृत्ये १०:३४-३५ उलट बाजूचे लोक सांगतात: देव पक्षपाती नाही, कुठल्याही राष्ट्रातला त्याला भिणारा, नीतीने वागणारा त्याला मान्य. खरंय, पण हे शब्द ज्याच्या घरी उच्चारले त्या कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याला पाण्याने बाप्तिस्मा द्यायला ४७-४८मध्ये पेत्रच सांगतो. दोन्ही बाजूंची बोटं थोडी आधीच थांबतात.

मत्तय २५:३१-४६ मात्र कितीही पुढेमागे वाचलं तरी मऊ होत नाही. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट. निवाड्यात विचारलेलं एवढंच. आणि उजवीकडच्यांनी ते कुणासाठी केलं हे त्यांनाच माहीत नव्हतं. दुसऱ्या टोकाला लूक २३:४३ मधला, येशूशेजारी क्रुसावर टांगलेला चोर: बाप्तिस्मा नाही, सत्कर्म नाही, सुधारायला वेळ नाही, आणि तरी येशू त्याला म्हणतो, ‘आज’ तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील. कुठल्याही एका सूत्रात हे दोघे एकत्र बसत नाहीत. टीप वाचून ते बसले असं वाटलं, तर टीप पुन्हा वाचावी.

मंडळ्यांनी, म्हणजे निरनिराळ्या चर्चनी, काय ठरवलं हे प्रतीत मिळणार नाही, म्हणून थोडक्यात. ‘मंडळीबाहेर तारण नाही’ हा सूर तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनपासूनचा. बॉस्टनचे फादर लिओनार्ड फीनी यांनी तो अगदी अक्षरशः लावला, तेव्हा १९४९मध्ये रोमनेच तसा अर्थ नाकारला आणि १९५३मध्ये फीनींना बहिष्कृत केलं. पुढे २१ नोव्हेंबर १९६४चा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा मंडळीविषयक दस्तऐवज आला. त्याचा १६वा परिच्छेद सांगतो की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि कृपेच्या बळावर सदसद्विवेकाप्रमाणे वागायला झटतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. १४वा परिच्छेद फार कमी लोक वाचतात: जो मंडळीत शरीराने आहे पण मनाने नाही, प्रीतीत टिकत नाही, तो तारला जात नाही. गडगा सरकवणाऱ्याचं उत्तर तिथे आहे. इव्हँजेलिकल (वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळ्या कृत्ये ४:१२ आणि योहान १४:६ वर ठाम राहतात, पण त्याही नोंदवहीतल्या नावाला किंमत देत नाहीत. त्यांना नवा जन्म हवा. लूथरन आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: स्वीकार केवळ कृपेने, आपल्या गुणांमुळे नाही, आणि तीच कृपा सत्कर्मांना लावते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये, मिशनची नोकरी सोडून, ‘देवाचा दरबार’ मांडला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य एकत्र. मराठीत हा प्रश्न कुणी नुसता वाचला नाही, जगून पाहिला, तो असा.

अ‍ॅप फुकट आहे आणि शोधायला झकास. ‘तारण’ टाइप केलं की सगळ्या जागा समोर. दोन आवृत्त्या शेजारी लावता येतात, म्हणजे कर्मे-क्रियांचा खेळ लगेच दिसतो. उणिवा तीन. लोकप्रिय अ‍ॅपवरची जुनी मराठी आवृत्ती ६६चीच, तोबित तिथे मिळणार नाही. प्रत्येक आवृत्ती ऑफलाइन उतरत नाही. डाउनलोडची खूण आहे का ते घरच्या वायफायवरच पाहा, घाटात आणि खाडीच्या पलीकडे नेटवर्कवर भिस्त नको. आणि ‘आजचे वचन’ बंद करा. फुलांच्या चित्रावर आलेलं इफिसकरांस २:८ दहाव्या ओवीपर्यंत कधीच पोचत नाही.

एकच घ्यायची तर आमचं मत ७३च्या, टिपा आणि संदर्भ असलेल्या प्रतीला. फोनवर ६६ची मोफत ठेवा. नजर कमकुवत असेल तर मोठ्या टायपाची, पण ती प्रवासात नेण्याजोगी नसते. बांधणी मधोमध उघडून पाहा: चिकटवलेली असेल तर रोमकरांस आणि याकोब यांच्यात सारखी ये-जा करून पहिल्याच वर्षी पाने सुटतात, शिवलेली टिकते. खुणांना मऊ पेन्सिल; जेल पेन पातळ कागदाच्या पलीकडे उमटतं. चेनचं कव्हर टाळा, खाऱ्या हवेत चेन गंजते आणि डाग थेट प्रकटीकरणावर येतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत तर आत दमट राहून बुरशी धरते. सुती फडक्यात, कडुलिंबाची सुकी पानं घालून, भिंतीपासून वितभर लांब ठेवा. गणपतीनंतर पाने चिकटलेली दिसली तर उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली प्रत उभी करून पाने पंख्यासारखी फाकवा, आणि ओली असताना ओढू नका, विशेषतः याकोबाचं पत्र. ते जेमतेम तीन-चार पानांचं असतं आणि एक पान फाटलं की दुसरा अध्यायच जातो.