पेटीशिवाय दफन: बाबांच्या वेळचा आमचा अनुभव

वसईतल्या काही ख्रिस्ती धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आता लाकडी पेटीशिवाय दफन करता येतं. मे महिन्यात बाबा गेले तेव्हा आम्ही तेच केलं. आणखी कुणाच्या घरी हा विचार चालू असेल, तर त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

खरं तर निर्णय बाबांचाच. काकांसाठी आजीची जुनी कबर उघडली, तेव्हा बाबा काठावर उभे होते. मध्ये बारा वर्षं गेली होती. फावड्याला आधी पेटीच्या कड्या लागल्या, मग अस्तराखालचा प्लास्टिकचा कागद, जसाच्या तसा, आणि आजीच्या नायलॉनच्या साडीचा काठ. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. "मला डब्यात घालू नका," एवढंच बोलले. केळी आणि पानवेलीत जन्म गेलेला माणूस. वाडीतला पाचोळा कधी जाळू दिला नाही, आळ्यातच टाकायला लावायचे. वसईची हिरवाई वाचवायला लढलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्च्यांत, तिचे पुढारी फादर दिब्रिटो यांच्या मागून चाललेले.

सकाळी चर्चमध्ये फोन केला आणि तासाभरात दोन स्वयंसेवक घरी आले. सोबत स्टीलचं स्ट्रेचर आणि मांजरपाटाची कोरी चादर. अंगावरचे कपडे सुतीच हवेत, बूट-मोजे नकोत, हातातली रोझरी लाकडी मण्यांची असावी, हे त्यांनी आईजवळ बसून हळू आवाजात सांगितलं. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, चेहरा उघडा ठेवतात, त्यामुळे दर्शनाला काही उणं पडत नाही. कबरीपाशी चादर पूर्ण गुंडाळून चौघांनी रुंद सुती पट्ट्यांवरून बाबांना खाली सोडलं. कुठे घाई नाही, हिसका नाही. पेटीवर पहिली मूठ पडली की जो पोकळ आवाज येतो, तो मला लहानपणापासून सोसवत नाही. या वेळी तो आलाच नाही. मातीवर माती पडली.

आत्याला मात्र हे पटत नव्हतं. "माझ्या भावाला बेवारशासारखं पुरता का?" म्हणून ती रडली. आमच्या चर्चचे फादर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाय, येशूला कुठे पेटी होती? अरिमथाईकर योसेफाने त्याला तागाच्या वस्त्रातच गुंडाळलं होतं." ती गप्प झाली. राखेच्या बुधवारी आपण सगळेच कपाळावर राख घेतो, तू माती आहेस हे ऐकतो, आणि शेवटी त्याच मातीपासून माणसाला वेगळं ठेवायला व्हार्निश, रेक्झिन, प्लास्टिक आणतो. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, असं उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आदाम हे नावही हिब्रूतल्या मातीच्या शब्दाशी, 'अदामा'शी जुळलेलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, अगदी दुसऱ्याच परिच्छेदात, आपण स्वतः धरणीची धूळ आहोत हे विसरलो, असं म्हटलं आहे. माझ्या मते राखणदारी वाडीच्या कुंपणापाशी संपत नाही. जाताना आपण जमिनीत काय ठेवून जातो, तेही तिच्यातच येतं.

उणिवाही सांगते. प्लास्टिकच्या फुलांची चक्रं आणू नका असं फाटकावर लिहिलंय, पण आणणाऱ्याला अडवायला कुणी नव्हतं. दफनानंतर चार चक्रं मीच उचलून बाहेर ठेवली. स्ट्रेचर एकच आहे. एका दिवशी दोन अंत्यविधी आले तर वेळ सांभाळावी लागेल. आणि ही सोय आहे हे आम्हाला बाबांच्या हट्टामुळे ठाऊक होतं. शेजारच्या घरी महिन्यापूर्वी मयत झालं, त्यांना कुणी सांगितलंच नाही. रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचनांत वर्षातून दोनदा तरी हे वाचून दाखवायला हवं. शुल्क ठरलेलं नाही, जमेल ती देणगी द्यायची.

घरात आधी बोलून ठेवा, तेही माणूस हिंडता-फिरता असताना. आयत्या वेळी नातेवाइकांची समजूत घालणं जड जातं.

अजून एक. पहिल्या पावसात कबरीवरची माती चांगली वीतभर खचते, घाबरू नका. जूनमध्ये मी आणि भाऊ वाडीतली माती घेऊन गेलो. पाच घमेली लागली.