पेज पुसायचं कधी: देताना की परत घेताना?

पेज म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम प्रोग्रामला देते तो मेमरीचा तुकडा, सहसा 4096 बाइटचा. लिनक्स 5.3 पासून (2019) कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, दोन्ही सोयी आहेत. ‘इनिट ऑन अलॉक’ पेज देताना त्यात शून्यं भरतं, ‘इनिट ऑन फ्री’ ते परत येताच पुसतं. देताना पुसलं तर ते 4096 बाइट कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) ताजे असतात आणि मागणारा बहुधा लगेच तिथेच लिहितो. म्हणून बहुतेक कामांत वेगाला फटका 1 टक्क्याहून कमी. परत घेताना मात्र थंड पडलेल्या मेमरीला हात लावावा लागतो, फटका साधारण 3 ते 5 टक्के. पण पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या मोकळ्या पेजवर पडून राहत नाहीत, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. कोड रिव्ह्यूत मी आधी बघतो: परत येताना पुसलेलं पेज देताना पुन्हा पुसलं जातंय का? सर्व्हरवर मी पहिला पर्याय घेईन; चोरीला जाऊ शकेल अशा लॅपटॉपवर दुसरा.