मागे पडलेला फोर्क आणि जड पुश: आधी सिंक की ‘पुश.निगोशिएट’?

गिटमध्ये दोन फायली बदलल्या, तीन कमिट (नोंदवलेले बदल) झाले आणि तरी फोर्कवर (मूळ रेपॉझिटरीच्या सर्व्हरवरच्या तुमच्या प्रतीवर) पुश करताना ‘रायटिंग ऑब्जेक्ट्स’चा, म्हणजे वर पाठवायच्या ऑब्जेक्ट्सचा, आकडा हजारांत जातो. याचं कारण असं, की पुशच्या वेळी गिट फक्त फोर्कच्या ब्रँच आणि टॅग यांची टोकं (शेवटचे कमिट) पाहतं. फोर्कचा मेन (मुख्य ब्रँच) सहा महिने मागे असेल आणि तुमची ब्रँच अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ रेपॉझिटरीच्या, ताज्या मेनवरून काढलेली असेल, तर मधला सगळा इतिहास तुमच्या नेटवरून वर चढतो. सर्व्हरवर फोर्क आणि मूळ रेपॉझिटरीचा ऑब्जेक्टसाठा सामाईक असेल, तर ही मेहनत निव्वळ वाया जाते. काही सर्व्हर ‘.हॅव’ ओळींतून मूळ रेपॉझिटरीची टोकंही कळवतात, पण त्यावर विसंबू नका.

पहिला उपाय सिंकचा, म्हणजे फोर्कचा मेन अपस्ट्रीमच्या बरोबरीला आणण्याचा. तो सर्व्हरवरच करा: गिटहबवर ‘सिंक फोर्क’ बटण किंवा गिटहबच्या कमांड-लाइन साधनातलं `जीएच रेपो सिंक मालक/फोर्क` (फोर्कचं नाव दिलं नाही, तर सर्व्हरवरचा फोर्क नव्हे, तुमच्याकडची प्रत सिंक होते). अपस्ट्रीम फेच करून तोच मेन फोर्कवर पुश केलात, तर टाळायचं ओझं तुम्हीच वाहता. सिंकनंतर लगेच `गिट फेच अपस्ट्रीम` करा. फोर्कच्या टोकाचा कमिट तुमच्याकडे नसेल तर गिटला ते टोक वापरता येत नाही आणि पुश पुन्हा जड होतो; ही पायरी हमखास राहून जाते. फोर्कच्या मेनवर तुमचे स्वतःचे कमिट असतील तर `--फोर्स` देऊ नका, ते पुसले जातील.

दुसरा उपाय गिट २.३२ पासून आहे:

`गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.निगोशिएट ट्रू`

यात पुशआधी गिट सर्व्हरला ‘हा कमिट आहे का?’ असं तुमच्या टोकापासून मागे मागे विचारत जातं. साठा सामाईक असेल तर फोर्कचा मेन कितीही जुना असला तरी अपस्ट्रीमचा कमिट ओळखला जातो आणि फक्त तुमचं काम वर जातं. हे बोलणं फेचच्या मार्गाने, प्रोटोकॉल २ वर होतं. त्यामुळे एक जोडणी वाढते; एसएसएच एजंट (कीचा पासफ्रेज लक्षात ठेवणारा प्रोग्राम) चालू नसेल तर पासफ्रेज दोनदा द्यावा लागतो. बोलणी फसली तरी इशारा देऊन नेहमीचा पुश होतो.

रोज नव्या ब्रँच काढणाऱ्याने ‘निगोशिएट’चा दुसरा उपायच निवडावा: एकदा लावला की विसरता येतो. गिट जुनं असेल किंवा फोर्कचा मेन तसाही ताजा हवा असेल, तर सिंक. फोर्क वेगळ्याच होस्टवर असेल तर निगोशिएटला सापडण्यासारखं तिथे काही नसतं. पहिला पुश जड होणारच.

शॅलो क्लोनची (जुना इतिहास तोडून घेतलेल्या प्रतीची) अडचण निराळी. फोर्कचं टोक तुमच्या तोडलेल्या इतिहासाच्या अलीकडे नसेल, तर गिट अख्खा ट्री (सगळ्या फायली) पाठवू शकतं. तिथे आधी `गिट फेच --अनशॅलो अपस्ट्रीम` करा.

फरक मोजायचा तर `गिट रेव्ह-लिस्ट --ऑब्जेक्ट्स अपस्ट्रीम/मेन..हेड | डब्ल्यूसी -एल` चालवा. पुशमधला आकडा याच्या आसपास हवा.