ब्लँकेट, गरम सलाईन की गरम हवा: छोट्या नर्सिंग होमने आधी काय घ्यावं?

मे महिना, मुलुंडच्या रस्त्यावर घामाच्या धारा, आणि रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंटला ठेवतात त्या खोलीत, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींचे दात वाजतायत. "डॉक्टर, ताप चढतोय का आईला?" मुलगा विचारतो. ताप कसला, अंग गार पडलेलं: ३५.२ अंश सेल्सियस.

भूल दिली की हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पोटाछातीतली ऊब तिकडे पसरते. पहिल्या तासातच आतलं तापमान एक-दीड अंश उतरतं, स्पायनलमध्येही (पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात ती भूल) उतरतं. त्यात एसी आणि उघडं अंग. ३६ च्या खाली गेलं की रक्तस्राव वाढतो, जखम चिघळण्याची भीती वाढते, आणि हुडहुडीने हृदयावर ताण येतो.

ब्लँकेट स्वस्त. एका पांघरुणाने बाहेर जाणारी उष्णता साधारण ३० टक्क्यांनी कमी होते; वर आणखी दोन टाकली तरी फारसा फरक पडत नाही. शिवाय पांघरूण ऊब राखतं, देत नाही.

गरम न केलेलं, खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन मोठ्या माणसाचं तापमान सुमारे पाव अंश उतरवतं. सलाईन वॉर्मर तेवढं वाचवतो, उतरलेलं चढवत नाही. रक्त चढवायच्या किंवा लांबणाऱ्या केसेस तुमच्याकडे होत असतील तर तो हवाच. नुसत्या हर्नियासाठी घाई नको.

पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर मी गरम हवेचा ब्लोअरच घ्यायला सांगेन: तो नळीतून पेशंटवर पांघरलेल्या पोकळ, एकदाच वापरायच्या कव्हरमध्ये गरम हवा सोडतो. उतरलेलं तापमान खऱ्या अर्थाने तोच चढवतो. भुलेच्या आधी अर्धा तास लावला तर पहिल्या तासातली घसरणही कमी होते. खरेदी करताना कव्हरचा दर पेशंटला किती पडतो ते आधी विचारा. कव्हर संपलं म्हणून नळी थेट चादरीखाली सरकवू नका, कातडी भाजते.

गरम पाण्याची पिशवी तर नकोच. एका ठिकाणी स्पायनलनंतर मायेने पायाशी ठेवलेल्या पिशवीने पोटरीवर तळहाताएवढा फोड आलेला मी पाहिलाय. पाय बधिर, बाईंना कळलंच नाही. ट्रामाडॉल या वेदनाशामक औषधाने हुडहुडी थांबते, पण अंग गारच राहतं.

या सगळ्याआधी तोंडात धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. कपाळावर धरायची बंदूक इथे भरवशाची नाही. रिकव्हरीत दर १५ मिनिटांनी नोंद करा, आणि ३६ दिसल्याशिवाय पेशंटला वॉर्डात न्यायला वॉर्डबॉयला ट्रॉली आणायला सांगू नका.