अल्ट्रालाइटचं कापड बदलायचंय: शिवलेली खोळ, रंगवलेलं पॉलिएस्टर की ओराटेक्स?

घरी बांधलेल्या अल्ट्रालाइटचं, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाचं, इंजिन बिघडायला लागलं की आवाजावरून कळतं. कापड मात्र मुकाट्याने जातं. लांबून रंग झकास दिसत असतो, विमान उडत असतं आणि पंखाच्या वरच्या बाजूचे धागे उन्हाने निम्मे मेलेले असतात. मग एखाद्या तपासणीत कुणीतरी सुई लावतं, कापड टर्रकन फाटतं आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो: आता घालायचं काय?

रस्ते साधारण तीन. पहिला, डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाची शिवलेली तयार खोळ, जी सांगाड्यावर चढवून दोरीने किंवा झिपने ताणतात. दुसरा, सांगाड्याला चिकटवून इस्त्रीने आवळायचं आणि मग थरावर थर देऊन रंगवायचं पॉलिएस्टर. सिकोनाइट, पॉली-फायबर, स्ट्यूअर्ट ही नावं त्यातलीच. तिसरा, जर्मनीच्या लानित्झ कंपनीचं ओराटेक्स. हे रंगासकटच येतं; चिकटवायचं, इस्त्री फिरवायची, रंगकाम नाही.

बहुतेक जण मीटरचा भाव विचारून सुरुवात करतात आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. कापडाचा दर हा सगळ्या खर्चातला एक भाग, आणि बऱ्याचदा मोठा भागही नाही. निवड खरी ठरते ती सांगाडा कोणत्या जातीचा आहे आणि विमान वर्षभर कुठे उभं राहतं यावरून.

आधी खात्री करा की कापड खरंच गेलंय

खोळीसाठी बेट्स चाचणी करतात. स्प्रिंगकाट्याला जोडलेली १.२ मिलिमीटर जाडीची सुई कापडात खुपसायची आणि कापडाच्या पातळीत हळूहळू ओढायची. १३६० ग्रॅमपर्यंत ओढूनही भोक लांबलं नाही तर कापड चांगलं. ही चाचणी सावलीतल्या खालच्या बाजूला करून समाधान मानणारे लोक आहेत. त्याला अर्थ नाही. वरच्या बाजूला, सर्वांत जास्त ऊन खाणाऱ्या जागी, आणि भडक रंगाच्या पट्ट्यांवर आवर्जून करा. शिवणीचा दोरा वेगळा तपासा. कापड पास आणि दोरा नापास, असं पुष्कळदा होतं.

रंगवलेल्या पॉलिएस्टरसाठी सोपी पहिली पायरी म्हणजे पंखाच्या आत दिवा धरायचा. बाहेर उजेड झिरपताना दिसला तर ऊन अडवणारा चंदेरी थर पातळ आहे किंवा दिलेलाच नाही. शंका आली तर एक इंच रुंदीची पट्टी कापून, तिच्यावरचा रंग काढून ताणून बघायची. पंखावरचा भार दर चौरस फुटाला ९ पौंड किंवा त्याहून कमी असलेल्या विमानांसाठी अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत जुन्या कापडाची किमान ताकद इंचाला ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो दिली आहे. अल्ट्रालाइटच्या पंखावरचा भार ९ पौंडांच्या निम्म्याच्या आसपास असतो, पण म्हणून ताकदीच्या ४६ या आकड्याखाली उतरायची घाई कशाला?

सांगाड्याचं आधी ऐका

क्विकसिल्व्हरसारख्या विमानात पुढे एक नळी, मागे एक नळी, मध्ये आडवे दांडे आणि ताणाच्या तारा असतात. पंखाला आकार येतो तो खोळीच्या खिशांत सरकवलेल्या बॅटनमुळे, म्हणजे बारीक दांड्यांमुळे. तिथे कापड चिकटवायला पक्क्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्याच नाहीत. ‘मी खोळ काढून चिकटवलेलं कापड घालतो’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात नवा पंख डिझाइन करायला घेतलेला असतो. काही डिझाइनमध्ये खोळीचा ताण पंखाला पीळ पडू न देण्याचंही काम करतो. तो ताण गेला की राहिलेल्या नळ्या आणि तारा पुरतील का, हे गणित मूळ डिझाइनरशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू नये.

याउलट मिनीमॅक्सचा लाकडी पंख किंवा कोल्बचा ॲल्युमिनियम रिबांचा पंख मुळातच चिकटवलेल्या कापडासाठी बनलेला. तिथे खोळीचा विचार सोडून द्यायचा. म्हणजे तीन रस्ते दिसले तरी तुमच्या विमानापुरते बहुधा दोनच असतात, आणि नळ्यांच्या पंखाला तर एकच. मग प्रश्न उरतो तो खोळ कुणाकडून शिवायची एवढाच.

शिवलेली खोळ

कामाच्या दृष्टीने यासारखं सुख नाही. जुनी उतरवायची, नवी चढवायची, ताणायची, बॅटन सरकवायचे. दोन जण असले तर थोड्या दिवसांत विमान उभं राहतं. वास नाही, धूर नाही, मास्क नाही. पैसे मात्र एकरकमी जातात. आणि कंपनी बंद पडली असेल तर खोळ मिळणंच मुश्कील. म्हणून जुनी खोळ फेकू नका. पाल शिवणाऱ्या कारागिराला नमुना म्हणून तीच लागते.

तोटा एकच आणि तो मोठा: ऊन. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरच, पण त्याच्यावर उन्हाला अडवणारा जाड थर नसतो. विमान उघड्यावर बांधून ठेवलं तर खोळ काही वर्षांत जाते. हँगरमध्ये ठेवलं तर तीच त्याच्या कितीतरी पट टिकते. ज्याच्याकडे छप्पर नाही त्याने खोळ घेताना पंखांच्या आवरणाचे पैसेही त्याच हिशेबात धरावेत.

ताण कमी राहिला तर मागची कडा वाऱ्यात फडफडते आणि ती फडफड शिवण खाते. तेव्हा पहिल्या काही उड्डाणांनंतर पुन्हा ताणणं हा कामाचाच भाग समजा.

रंगवलेलं पॉलिएस्टर

हा जुना, माहितीचा आणि सर्वांत कष्टाचा रस्ता. अमेरिकेत रे स्टिट्स यांनी १९६०च्या दशकात पॉलिएस्टरसाठी विनाइलवर आधारलेली पद्धत रूढ केली. तीच आजची पॉली-फायबर. त्याआधी सुती कापडावर डोप, म्हणजे कापड ताणून धरणारा लाखेसारखा लेप चढवत, आणि त्यातला नायट्रेट डोप ठिणगीची वाटच बघत असायचा.

कापड तीन वजनांत येतं: चौरस यार्डाला १.७, २.७ आणि ३.४ औंस. हलक्या अल्ट्रालाइटला पहिलं किंवा दुसरं पुरतं. डिझाइनरने सांगितलंय तेच घ्या. ‘जरा मजबूत घेऊ’ म्हणून एक पायरी वर चढलात तर वजनही वर चढतं.

सगळी कला इस्त्रीत आहे. कापड चिकटवल्यावर ते चक्क सैल, सुरकुतलेलं दिसतं आणि नवखा माणूस घाबरतो. मग साधारण १२० अंश सेल्सियसला पहिला हात फिरवायचा. सुरकुत्या डोळ्यांदेखत ओढल्या जातात. नंतर टप्प्याटप्प्याने १७७ अंशांपर्यंत. इथे इस्त्रीच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबायचं नाही. तळाला थर्मामीटर लावून प्रत्येक टप्प्याची खूण स्वतः करायची. २०० अंशांच्या पुढे गेलात तर कापड आवळण्याऐवजी सैल होतं आणि ते पुन्हा आवळत नाही. हीट गन तर हातातच घेऊ नका, कारण तिच्या झोतात नेमकं तापमान किती हे कुणालाच कळत नाही. आणि सांगाडा नाजूक असेल तर शेवटच्या टप्प्याआधीच थांबायचं, कारण आवळणारं कापड पंखाची पातळ मागची कडा सहज वाकवतं. एका बाजूने सलग आवळत जाऊ नये ते यासाठीच. वरची बाजू थोडी, खालची थोडी, असं करत जायचं.

पुढे कापड रिबांना दोऱ्याने किंवा रिव्हेटने धरायचं. हे टाके शोभेचे नाहीत. पंखाच्या वरच्या बाजूला हवेची ओढ कापडाला रिबपासून उचलत असते आणि नुसता गोंद त्यापुढे कायम टिकेल असं धरून चालत नाही. प्रोपेलरच्या झोतात येणाऱ्या भागावर टाके एकमेकांच्या जास्त जवळ घालतात. मग टाक्यांवर कापडी पट्ट्या, मग पॉली-ब्रश हा गुलाबी लेप, त्यावर ॲल्युमिनियमची पूड असलेला चंदेरी पॉली-स्प्रे आणि शेवटी रंग. उन्हापासून राखण करतो तो चंदेरी थर. वजन वाचवायला म्हणून त्यातच हात आखडता घेणारे लोक पाहिले की कीव येते. वाचवायचंच असेल तर वरच्या रंगात वाचवा.

या रस्त्याची दुसरी बाजू म्हणजे रसायनं. एमईके या द्रावकाची वाफ बंद खोलीत सोसत नाही, आणि पॉलियुरेथेन रंग मारायचा तर त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. साधा फिल्टर पुरेसा मानू नका. स्ट्यूअर्टची पद्धत पाण्यावर आधारलेली असल्याने वासाचा त्रास कमी, पण थर किती जाड आणि किती वेळाने द्यायचा याबाबत ती लाड चालवून घेत नाही. एकाचा गोंद, दुसऱ्याचा प्रायमर आणि गाडीचा रंग अशी खिचडी तर अजिबात नको. गाडीचा कडक रंग लवचिक कापडावर काही काळातच तडकतो.

ओराटेक्स

रंगकाम नाही म्हणजे स्प्रे गन नाही, धुळीची लढाई नाही, आणि महिन्यांचं काम आठवड्यांवर येतं. गोंद पाण्यावर आधारलेला; ओला असताना दुधाळ, वाळला की पारदर्शक. सांगाड्याला आणि कापडाला दोन्हीकडे लावून वाळू द्यायचा आणि मग इस्त्रीने जागा करायचा. चुकलं तर गरम करून उचलता येतं. हलक्या विमानांसाठी त्याचा ६०० हा प्रकार आहे.

मग सगळे हेच का घेत नाहीत? मीटरचा दर चटका लावणारा आहे, हे एक. पण त्याहून मोठं कारण म्हणजे इथे झाकायला रंग नाही. पंखाच्या टोकाला किंवा शेपटीच्या गोलाईवर पडलेली प्रत्येक सुरकुती आणि वाकडी पट्टी शेवटपर्यंत दिसत राहते. पट्ट्यांच्या कडा नीट शेकल्या नाहीत तर उचलल्या जातात. नेमकं तापमान दाखवणारी चांगली इस्त्री इथे ऐच्छिक नाही. रंगही मिळतात तेवढेच. ज्याला विमानावर चित्रविचित्र नक्षी हवी आहे त्याचं इथे मन रमणार नाही.

माझा कल स्पष्ट आहे: चिकटवलेल्या कापडाचा पंख असेल आणि रंग मारायला धड जागा नसेल, तर ओराटेक्सचे जास्तीचे पैसे द्यावेत. स्प्रेची जागा, कॉम्प्रेसर, मास्क आणि वाया जाणारा रंग यांची बेरीज केली की फरक वाटतो तेवढा उरत नाही. ज्याच्याकडे हे सगळं आहे, वेळ आहे आणि विमान उघड्यावर राहणार आहे, त्याने बिनदिक्कत चंदेरी थराचा जुना रस्ता धरावा. तो नीट केला तर कित्येक दशकं टिकतो आणि दुरुस्तीची रीत जगभर माहीत आहे.

वजन

एकूण ४० चौरस मीटर कापड धरा. दर चौरस मीटरवर १०० ग्रॅम रंग जास्त पडला की ४ किलो वाढले. अमेरिकेच्या १९८२च्या पार्ट १०३ नियमात इंजिनाच्या अल्ट्रालाइटचं रिकामं वजन २५४ पौंड, म्हणजे सुमारे ११५ किलोच्या आत हवं. तिथे ४ किलो म्हणजे नियमात बसणं आणि न बसणं यातला फरक. शिवाय हे वजन कुठे पडतं तेही बघायचं. शेपूट लांब असते. तिथला अर्धा किलो गुरुत्वमध्याला पंखावरच्या अर्ध्या किलोपेक्षा कितीतरी जास्त मागे ओढतो. एलेरॉन आणि एलेव्हेटर या पंखाच्या व शेपटीच्या हलत्या पाळ्यांच्या बिजागरीमागे जाड रंग चढला तर फ्लटरचा, म्हणजे हवेत त्या पाळ्या बेकाबू थरथरण्याचा धोका वाढतो, आणि फ्लटर विचार करायला वेळ देत नाही. डिझाइनमध्ये या पाळ्यांचा तोल साधणारं वजन (प्रतिभार) दिलेलं असेल तर रंगानंतर तोल पुन्हा तपासलाच पाहिजे.

कापड उतरलेलं असताना

कोणताही रस्ता घेतलात तरी सांगाडा उघडा दिसण्याची संधी फार वर्षांनी येते, आणि मला तर कापडाच्या निवडीपेक्षा हे दिवस महत्त्वाचे वाटतात. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलचा बोल्ट जातो तिथे पांढरी भुकटी दिसते का? भोक लांबट झालंय का? बोल्ट काढूनच बघा. डोक्याकडे पाहून कळत नाही. स्टीलच्या नळ्यांचं फ्यूजलाज (विमानाचं धड) असेल तर सर्वांत खालच्या नळीत पाणी साचतं. टोकदार सळीने ठोकून बघा. लाकडाच्या जोडांवर काळे डाग म्हणजे ओल. उंदरांचं घरटं सापडलं तर नुसतं काढून टाकू नका, त्याखालचा धातू घासून बघा. मूत्राने नळी खाल्ली जाते. केबलवरून कापडाचा बोळा फिरवा, विशेषतः पुलीपाशी. तुटलेली तार असेल तर धागा अडकतो.

जे फेरफार मनात आहेत तेही आत्ताच. पिटोची (हवेतला वेग मोजणारी) नळी, अँटेनाची वायर, आणि पुढे कधी हात घालावा लागेल अशा प्रत्येक जागी तपासणीची गोल खिडकी. फक्त नवीन भोक स्पारला, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईला पाडायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. झाकण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. आणि काम संपल्यावर विमान तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून पुन्हा तोला. जुन्या वजनात अंदाजाने भर घालून नवा कागद बनवू नका.