पुणे, सिंहगड रस्ता, नदीकडची गल्ली, तिसरा मजला

फ्लॅटला पाचापैकी साडेचार, जागेला दोन. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे.

सोसायटीचं नाव लिहीत नाही. तिथं माणसं राहतात, त्यांनाही कधीतरी घर विकायचं असेल. आनंदनगर ते विठ्ठलवाडी या पट्ट्यात मेन रोडवरून मुठा नदीकडे जाणारी एक गल्ली, तिच्या शेवटाजवळ पंचवीसएक वर्षांची चार मजली इमारत. भाच्याला रिसेलचा टू बीएचके हवा होता. "मामा, तुमची बीट होती ना तिकडे, चला बघायला," म्हणाला. पोस्टातली माझी शेवटची वर्षं याच भागात टपाल वाटण्यात गेली. सायकलवर टपाल वाटणाऱ्याला रस्त्याचा उतार पायांनी कळतो. या गल्लीत वळलं की पायडल मारावंच लागत नाही. जिथं पायडल लागत नाही तिथं पाणीही आपसूक जातं, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

फ्लॅटबद्दल तक्रार नाही. पूर्वेचा उजेड, हॉलला बाल्कनी, दोन्ही बेडरूमना समोरासमोर खिडक्या, किचन ट्रॉल्या नव्या, बाथरूममध्ये ओल नाही. पाण्याचा दाबही बरा. मालक सज्जन, चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. भाचा आणि सूनबाई तर पडदे कुठले लावायचे इथपर्यंत पोचले होते.

मी खाली पार्किंगमध्ये आलो.

घर बघायला जाणारा माणूस लिफ्टने थेट वर जातो आणि तिथंच फसतो. पार्किंग बघा. इथल्या खांबांना छातीच्या उंचीपर्यंत ताजा ऑइलपेंट होता, त्याच्या वर जुना, विटलेला चुना. पूर्ण खांब का नाही रंगवला? विजेच्या मीटरची पेटी एवढी वर बसवलेली, की रीडिंग घ्यायला येणाऱ्याला स्टूल लागेल. भिंतीवर खाली जुन्या पेटीच्या खिळ्यांची भोकं आणि पेटीएवढा फिकट चौकोन तसाच होता. पाण्याची मोटर नव्या सिमेंटच्या ओट्यावर चढवलेली. लिफ्टच्या खड्ड्याशी वाकून पाहिलं तर कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची खपली. पाणी किती आलं होतं ते कुणी तोंडाने सांगितलं नाही, पण वायरमनने भिंतीवर लिहून ठेवलंच होतं.

एजंट म्हणाला, "काका, तिसरा मजला आहे, तुम्हाला काय त्याचं?" वॉचमनला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, पाऊस लागला की पोरं गाड्या काढून मेन रोडला लावतात, "पण चोवीसला टायमच नाय मिळाला."

चोवीस म्हणजे २५ जुलै २०२४. रात्रभर घाटमाथ्यावर आणि शहरात पाऊस, आणि पहाटे खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तेवढे घनफूट) घरात गेलं. एकतानगरी, निंबजनगर, विठ्ठलनगर, सगळीकडे सोसायट्यांत पाणी. बोटी आल्या, लष्कराला बोलवावं लागलं. त्याच दिवशी डेक्कनच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तिघं गेली. म्हणून मीटर किती उंचावर आहे हे मी आधी बघतो.

हे धरणाचं गणित बाहेरगावच्या लोकांना माहीत नसतं, म्हणून थोडं लिहितो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं मिळून साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. पण सगळ्यात खाली, शहराच्या डोक्यावर बसलेलं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. ते भरलं की वरून येईल ते पुढे ढकलण्याशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळे विसर्ग वाढतो तो तासांच्या हिशेबात. बातमी सकाळच्या पेपरात वाचून गाडी काढायला खाली जाल तर गाडी तरंगत असेल. बरं, पाणी नदीकडून चालत यायची वाटही बघत नाही. नदी चढली की पावसाळी गटारं तुंबतात आणि आधी अंगणातल्या चेंबरमधून वर येतं.

आता पूररेषा. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. मुठेसाठी पुण्यात निळी ६० हजार क्युसेकची धरतात, लाल एक लाखाची. नदी ते निळी रेषा यात घर बांधायला मनाई, निळी ते लाल यात जोतं लाल रेषेच्या वर ठेवायच्या अटीवर परवानगी. विकास आराखड्याच्या नकाशावर या रेषा असतात. महापालिकेत झोन दाखला मागा, सर्व्हे नंबर टाका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटचा इथे उपयोग नाही, कारण इमारत रेरा कायद्याच्या आधीची.

"पंचवीस वर्षांतून एकदा" ऐकलं की माणूस म्हणतो, चला, एक होऊन गेला, आता पुढचा मुलांच्या काळात. तसं नसतं हो. पोस्टात आयुष्यभर व्याजाचे तक्ते पाहिलेत मी. पंचवीसला एक म्हणजे दर वर्षी चार टक्के, आणि दर वर्षी नव्याने चार टक्के. भाच्याचं कर्ज वीस वर्षांचं. वीस वर्षांत एकदाही असा पूर न येण्याची शक्यता ४४ टक्के. म्हणजे येण्याची ५६. लाल रेषेच्या पुरासाठीसुद्धा हाच हिशेब १८ टक्क्यांवर जातो. भाच्याने मोबाइलवर करून पाहिलं आणि पडद्यांचा विषय थांबला.

शिवाय चोवीसला निळ्या रेषेचे ६० हजार सुटलेच नव्हते. ३५ हजारालाच पाणी घरात. पात्रात भराव, राडारोडा टाकत गेलं की नदी तेवढ्याच पाण्याला जास्त चढते, नकाशावरची रेषा मात्र जागची हलत नाही. म्हणून नकाशाबरोबर खांबही वाचायचे. (पानशेत धरण फुटलं त्या १९६१च्या गोष्टी मी मुद्दाम काढत नाही, पुण्यात त्या प्रत्येक घरात आहेत आणि त्या सुरू झाल्या की घर घ्यायचं राहूनच जातं.)

एजंटने मग रस्त्याच्या वरच्या बाजूचा एक फ्लॅट सुचवला, "तिकडे नदी नाही काका." नदी नाही, कालवा आहे. मुठेचा उजवा कालवा २७ सप्टेंबर २०१८ला जनता वसाहतीजवळ फुटला तेव्हा दांडेकर पुलापर्यंतच्या घरांत पाणी शिरलं होतं, आणि त्या दिवशी पूर वगैरे काही नव्हता. तरी मला कालव्याची भीती नदीपेक्षा कमी वाटते. कालव्यापासून चार गल्ल्या सोडून राहता येतं.

पिण्याचं पाणी महापालिकेचं, रोज सकाळी. उन्हाळ्यात टँकर येतो, महिन्याला किती ते सोसायटीच्या हिशेबात बघून घ्या. जानेवारी २०२५मध्ये याच रस्त्याला पुढे नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हापासून विहिरीचं पाणी, टँकरचं पाणी हे शब्द काढले की लोक सावध होतात. इथं माझा प्रश्न वेगळा होता: पुरात जमिनीखालची टाकी बुडाली, नंतर ती कशी धुतली? सेक्रेटरींनी टाकी साफ केल्याचं बिल काढून दाखवलं. मनापासून आवडलं. अशी समिती असेल तर जागेचा अर्धा गुण वाढतो, तो दोनमध्ये धरलेलाच आहे.

शेजार एक नंबर. इस्त्रीवाल्याने मला ओळखलं, "पोस्टमनकाका!" म्हणून खुर्ची दिली आणि कोण भांडतं, कोणाचा कुत्रा, कुठला ब्लॉक रिकामा, सगळं न विचारता सांगितलं. किराणा, दवाखाना, भाजी पायी. उड्डाणपुलामुळे मेन रोडचा ताप कमी झालाय, संपला नाही. लग्नसराईत नदीकडून डीजे ऐकू येतो. संध्याकाळी सहानंतर डासही नदीकडूनच. दुपारी घर बघायला बोलावतात ते उगाच नाही.

मग घ्यायचा का? भाड्याने मिळाला तर डोळे झाकून. विकत घ्यायचा तर या भावात नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरं, पण लिफ्ट, मोटर, मीटर, गाडी, सगळं तळमजल्यावर. बहिणीचे गुडघे गेलेत, ती दोन दिवस वर अडकली तर खाली कोण आणणार? मालकांना मी किंमत दहा टक्के उतरवा म्हटलं. ते म्हणाले, विचार करून कळवतो. ज्यांना तरी घ्यायचाच आहे त्यांनी भारत गृह रक्षा पॉलिसी घ्या, तिच्यात पूर धरलेला असतो, आणि सोसायटीने मोटर-लिफ्टचा विमा उतरवलाय का ते टोकन देण्याआधी विचारा. या सोसायटीने उतरवलेला नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घेतो.